सही होईपर्यंत

गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'पाणी प्यायला जाऊ का' हेसुद्धा शेजारणीला विचारायला लावायचे. मग वक्तृत्वात पहिली आले आणि त्यानंतर मी थांबलेच नाही. म्हणूनच शाळेत गोल्फच्या स्पर्धेसाठी स्वयंसेवक मागितले तेव्हा, गोल्फचा चेंडू केवढा असतो हेही ठाऊक नसताना, पहिला हात माझा वर!

ही दुसऱ्या फळीच्या टूरची, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या स्पर्धामालिकेची, शेवटची स्पर्धा. वर्षभराच्या यादीत पहिले दहा येतील ते पुढच्या वर्षी मोठ्या टूरवर. अकरावा पुन्हा इथेच. माझ्या वाट्याला नेमके दहावा आणि अकरावा आले, एकाच जोडीत. आज दोघांत ज्याचे फटके कमी, तो वर.

दहावा ऋषी, कोरेगाव पार्कातला, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखा हसणारा. अकरावा साईनाथ, मैदानाला लागूनच असलेल्या गावातला. गाव कधीच महापालिकेत गेलं, पण बोलणं अजून गावचंच. लहानपणी तो इथे दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचा. आता त्याची बॅग त्याची बायको दीपमाला उचलत होती, पंजाबी ड्रेसवर पुरुषी बूट घालून.

"सतरा वर्षं झाली ह्या टूरवर, बाळा," तिने पहिल्याच होलवर मला सांगितलं. "पुढल्या साली चाळिशी लागंल ह्यांना. आज नाय तर कधीच नाय."

माझं काम सोपं. सोबत चालायचं आणि फटके तक्त्यावर मांडायचे, बाहेरच्या फलकासाठी. खरं कार्ड खेळाडूच लिहितात, तेही एकमेकांचं. साईनाथचे फटके ऋषी लिहिणार, ऋषीचे साईनाथ. शेवटी आपलं कार्ड तपासून सही करायची. रेफ्री सर आदल्या दिवशी बजावून म्हणाले होते, "सहीआधी चूक सापडली तर खोडून दुरुस्त करा, काही बिघडत नाही. सहीनंतर एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा निघाला, तर खेळाडू बाद." अख्ख्या हॉलमध्ये प्रश्न विचारणारी मी एकटीच. "एका फटक्यासाठीसुद्धा, सर?" सर म्हणाले, "अर्ध्यासाठीसुद्धा."

सहाव्या होलवर साईनाथ वाकून चेंडू होलमध्ये ढकलणार, इतक्यात मागचे दोन प्रेक्षक कुजबुजले. मी जोरात ओरडले, "शांतता राखा!"

त्याचा हात हलला. चेंडू होलच्या कडेवरून निघून गेला.

तो सावकाश सरळ झाला. "मॅडम, शाळेचं गॅदरिंग हाय का हितं? तोंड शिवून चाल की."

सगळे हसले. ऋषी तर गुडघ्यांवर हात टेकून हसला. दीपमालाही ओढणीआड हसली आणि नंतर माझ्या हातावर चिक्की ठेवून म्हणाली, "मनावर नको घेऊ गं, ते तसलेच हायेत." मी चिक्की झुडपात फेकली. नारायण पेठेतली मुलगी आहे मी. आमच्याकडे अपमान चिक्कीवर मिटत नाहीत.

चौदाव्या होलवर दुसऱ्या फटक्याला साईनाथचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. त्याने मारला, वाळू उडाली, चेंडू जेमतेम वीतभर सरकला. पुन्हा मारला तेव्हा बाहेर आला. मग एका ढकलीत आत. एकूण पाच. ऋषी त्या वेळी झाडीत स्वतःचा चेंडू शोधत होता. त्याला वीतभरचा फटका दिसलाच नाही. त्याने चार लिहिले, ते मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

सांगायला तोंड उघडलं होतं मी, खरंच. मग मिटलं.

शेवटच्या होलवर साईनाथ ऋषीपेक्षा तीन फटके पुढे होता. त्यातला एक वजा केला तरी दोन उरत होते. तो आरामात वर जात होता.

खेळ संपल्यावर सह्यांच्या तंबूत रेफ्री सरांनी कार्डं समोर ठेवली. खेळताना बेरीज करायची नाही हा साईनाथचा नेम, त्यामुळे त्याने थेट शेवटचा आकडाच पाहिला.

"एकेक होल बघून घ्या," सर म्हणाले. "आणि बाळ, तुझा तक्ता?"

"बेरीज चालू आहे, सर. दोन मिनिटं."

बेरीज केव्हाच झाली होती. मी पेन्सिल नुसती फिरवत होते. तंबूच्या दारातून दीपमाला हातानेच विचारत होती, किती? किती? साईनाथने पेन उचललं, सही ठोकली आणि तिला अंगठा दाखवला.

"झाली, सर," मी म्हणाले. "चौदाव्यावर चार नाही, पाच. खड्ड्यातला पहिला फटका वाळूतच राहिला होता."

साईनाथने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून बोटांवर मोजलं. खोटं बोलला असता तर वाचला असता कदाचित. माझा शब्द आणि त्याचा शब्द.

"पाचच," तो म्हणाला. "बराबर हाय पोरीचं. पाच लिवा."

"सही झाली आहे, साईनाथ."

"मग खोडतो की. पेन द्या. मी कुठं नाय म्हंतोय? पाच लिवा ना, साहेब. सहा लिवा."

सरांनी कार्ड स्वतःकडे ओढून घेतलं. ऋषीने आधी बुटांकडे पाहिलं, मग फोन काढून बाहेर गेला. सर मला म्हणाले, "शाब्बास. असा प्रामाणिकपणा हवा," आणि टूरची टोपी दिली. मी ती घातली. छान बसली.

बाहेर दीपमाला उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"तुला कधी कळलं गं, बाळा? सहीच्या आधी का मागनं?"

मला 'मागनं' म्हणता आलं असतं.

"आधी," मी म्हणाले.

तिने मान हलवली, भाजीवालीने भाव सांगितल्यावर हलवतात तशी, आणि फाटकाकडे चालू लागली. तिथे गावची पोरं खांबाला फ्लेक्स बांधत होती. हात जोडलेला साईनाथ, माणसापेक्षा मोठा. 'मोठ्या टूरवर निवड झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक अभिनंदन.'

"उतरवा," ती म्हणाली.

"आत्ताच तर बांधलाय, वहिनी! गाठ अशी बसलीय की सुटायची नाय."

"मग कापा."