उडीच्या आधी ओरडायचं नाही

उडीच्या आधी ओरडायचं नाही, हा आम्हा बर्फावरच्या स्केटिंगवेड्यांचा एकच नियम. खेळाडू पडली तर टाळ्या वाजवा, उठली तर घसा फाडा, पण तिने उडीसाठी वेग घेतला की तोंडाला कुलूप. पोर हवेत साडेतीन गिरक्या मारून एका पायावर, बुटाच्या एका पातीवर उतरणार असते. त्या क्षणी कुणी हाळी दिली आणि तिचं लक्ष केसभर हललं, की हाड मोडतं. मी मटणाच्या दुकानात दिवसभर हाडंच तोडते. तो आवाज मला वरच्या रांगेतही ऐकू येतो.

आमच्या काडीचा घोटा गेल्या हिवाळ्यात असाच मोडला. काडी हे आम्ही चाहत्यांनीच ठेवलेलं नाव, अंगावर मांस म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरी बस. ही बया एका शेवटच्या स्पर्धेसाठी परत आली, आणि तीही साडेतीन गिरक्यांची ॲक्सल उडी मारायला. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घेतात. ही समोर तोंड करून, आपण कुठे आपटणार ते बघत घ्यायची. स्पर्धेत तिला ती एकदाही साधली नव्हती. वर्षानुवर्षं मी तिला पडताना बघत आले होते. आज उतरताना बघायचं होतं, बस्स.

माझ्या मागच्या रांगेत एक किडकिडीत माणूस बसला होता. स्वेटरवर बाहुलीचा बिल्ला. बाहुली म्हणजे पहिल्या नंबरावर बसलेली काडीची वैरीण. सरावात काडीने वेग घेतला आणि हा ओरडला, "पड!"

ती पडली. कमरेवर आपटून थेट कठड्यापर्यंत घसरत गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गर्रकन वळले. "पुन्हा ओरडलास तर दात घशात घालीन."

"तिकीट काढलंय बाई. तोंड माझं आहे."

"ताई, बस ना खाली," शेजारी बसलेली धाकटी बहीण माझा कोट ओढत म्हणाली. "लोक बघतायत."

बसले. डोळे बर्फावर, कान मागे.

काडीचं संगीत सुरू झालं. पहिल्या उडीसाठी ती वळली, गुडघे वाकवले, आणि मागे त्या माणसाने छाती भरून श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी खुर्चीवरून उलटी झेपावले आणि त्याच्या तोंडावर पंजा दाबला.

तो चावला. दात बोटात पार हाडापर्यंत रुतले. मी हूं की चूं केलं नाही. ओरडायचं नाही म्हणजे नाही. दुसऱ्या हाताचं कोपर मी त्याच्या नाकावर घातलं आणि ते कचकन बसलं. त्याने माझे केस धरून गुडघा पोटात हाणला. दोघं दोन रांगांच्या मधल्या सापटीत कोसळलो. त्याचं डोकं खुर्चीच्या पायावर आदळलं, माझा गुडघा त्याच्या बरगडीवर पडला, आणि बरगडी गेली हे मला कुणी सांगायला नको होतं. शेजारच्या आजीबाईंनी छत्रीचं टोक माझ्या पाठीत खुपसलं.

"मारा की," त्या कुजबुजल्या, "पण आवाज करू नका. ती आता ॲक्सल घेतेय."

मी त्याची दोन्ही मनगटं जमिनीला दाबून त्याच्या छातीवर बसले होते. बर्फ माझ्या पाठीमागे. पाती खरवडल्याचा लांबलचक आवाज आला आणि थांबला. ती हवेत होती. त्या शांततेनंतर नेहमी धप्प असा आवाज यायचा. मी दात आवळून त्याची वाट बघितली.

खट्. एवढंच. मग पाती बर्फावरून सरकत गेली आणि सगळं सभागृह उठून किंचाळलं.

मी खाली पाहिलं. त्याच्या नाकातलं रक्त तोंडात जात होतं, एक डोळा सुजून बंद होत आला होता, आणि दुसरा माझ्या बाजूने, पुढच्या खुर्च्यांच्या फटीतून बर्फाकडे लागला होता. त्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"उतरली?" मी विचारलं.

"उतरली."

"हात टेकला?"

"काही टेकलं नाही. पाय हललासुद्धा नाही हो, बाई."

मी धाकटीकडे पाहिलं. ती कोटात डोकं खुपसून बसली होती. "मी डोळेच मिटले होते गं, ताई. मला नाही बघवत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे दोन्ही हात त्याच्या मनगटांवर होते. त्याचं तोंड मघापासून मोकळंच होतं.

"तू ओरडला का नाहीस?"

"ओरडणारच होतो. पुन्हा श्वाससुद्धा घेतला होता." त्याने रक्त गिळलं. "मग ती वर गेली."

दोन रखवालदारांनी मला बगलेत हात घालून उचललं. बोट लोंबत होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. इतकी वर्षं जिची वाट पाहिली तिच्याकडे पाठ करून मी या माणसाशी झटत बसले होते, आणि त्याला गप्प करायला माझी गरजच नव्हती. मी पाय रोवून उभी राहिले, रखवालदार ओढत राहिले.

"पुन्हा सांग," मी त्याच्यावर ओरडले. "वर गेली तेव्हा कशी दिसत होती? सांग ना रे!"