पेटी हलता कामा नये

“सोमवारी मी कामावर जाणार नाही. सोमवारीच काय, आता कधीच नाही,” आमच्या ह्यांनी ताटातल्या भाजीकडे बघत सांगून टाकलं. माझ्याकडे बघून सांगायची हिंमत नव्हती.

“का? डॉक्टरांनी तर मोकळं केलं तुम्हाला.”

“डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. माझं मला कळतं.”

“काय कळतं तुम्हाला?”

ताट उचललं, हात धुतले आणि स्वारी लेकीच्या खोलीत जाऊन दार लोटून बसली.

हे टॉवर क्रेन चालवतात. इमारत जितकी वर चढते, त्याच्याही वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली माणसं वावरत असताना त्यांच्या डोक्यावरून लोखंडाचे भारे अलगद न्यायचे. सारं आयुष्य त्यात गेलं. महिन्या-दीड महिन्यापूर्वी वर असतानाच त्यांना भोवळ आली. तशाही अवस्थेत ओझं जमिनीला टेकवलं आणि मगच हे शिडीने उतरले. कानाच्या आतलं दुखणं निघालं. औषधं झाली, तपासण्या झाल्या, सगळं ठीक आलं. आणि आता हे असं.

मला राग आला होता. दुसऱ्याच्या रक्तात काय दडलंय ते मी लॅबमध्ये रोज शोधून काढते आणि घरातल्या माणसाच्या मनातलं मला काढता येऊ नये? चहाचे दोन कप घेतले आणि पायाने दार ढकललं.

हे कॉम्प्युटरवर त्यांचा तो जुना खेळ खेळत होते. हेलिकॉप्टरला दोरीने पेटी लटकवायची आणि लाटांवर डुलणाऱ्या बोटीवर नेऊन ठेवायची. सुट्टीच्या दिवशीही माणसाने ओझीच उचलावीत, यावरून मी त्यांना किती वर्षं चिडवत आलेय. आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हापासून खेळ सुटला होता. हा लेकीचा. ती इमारतींची हलती चित्रं बनवते, त्यासाठी तिने हे धूड घेतलं होतं. बदली झाली तेव्हा इथेच ठेवून गेली. चालू केलं की आत पंखे घोंघावतात.

मी मागे उभी राहिले. पेटी बोटीवर आली, टेकणार, एवढ्यात चित्र क्षणभर थिजलं आणि पुढे उडी मारून गेलं. पेटी पाण्यात.

“हे असं मध्येच अडखळतं का हो?” मी विचारलं.

ह्यांचा हात माउसवर थांबला. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला दिसलं?”

“न दिसायला काय झालं?”

“खरं सांग. माझं मन राखायला बोलू नकोस.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजारपणाच्या सुट्टीत, मी लॅबला गेले की हे रोज खेळून बघत होते. डॉक्टरांपेक्षा त्यांचा या पेटीवर विश्वास. आणि पेटी ठेवायच्या ऐन वेळी जग क्षणभर तुटतंय, असं त्यांना दिसायचं. “एवढं ताकदवान मशीन, त्याला हा पोरखेळ जड जाईल का? म्हणजे तुटतंय ते माझ्याच डोक्यात. वर केबिनमध्ये असं तुटलं आणि खाली कुणी असलं तर?”

“मग मला विचारायचं ना.”

“आणि तू नाही म्हणाली असतीस तर?”

मी चहाचे कप टेबलाच्या कडेला ठेवले.

पण नुसतं मी हो म्हटल्याने ह्यांची समजूत पटणार नव्हती. बायको आपल्या बाजूनेच बोलणार, हा त्यांचा ठाम समज. म्हणून मी लॅबच्या पद्धतीने जायचं ठरवलं. मी त्यांच्या मागे खुर्ची टाकली. चित्र अडखळलं की दोघांनी टेबलावर बोट वाजवायचं, बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही.

पेटी उचलली. थोडा वेळ शांतता. मग टक. माझं बोट आणि त्यांचं बोट एकदमच वाजलं. पुन्हा टक. पुन्हा टक. एकही एकट्याचं नाही. ह्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मीही खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडू येत होतं.

“मशीन अडखळतं, हे मान्य,” थोड्या वेळाने हे म्हणाले. “पण ते थांबल्याशिवाय माझं काय ते कसं कळणार?”

हट्टी माणूस, पण म्हणणं बरोबर होतं. मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. बाबा नोकरी सोडायला निघालेत म्हटल्यावर तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

“आधी मागे चालू असलेलं सगळं बंद करा.” केलं. टक. “चित्राचा दर्जा कमी करा.” केला. सगळा समुद्र चिखलासारखा दिसायला लागला, तरी टक. खेळ जुन्या विंडोजवर असल्यासारखा चालवून पाहिला. टक. लेक दोन-तीन गोष्टी एका दमात सांगायला लागली, तेव्हा मी तिला अडवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, उपयोग नाही झाला तर ती परत जागेवर ठेवायची. नाहीतर बरं कशाने वाटलं तेच कळत नाही.

“आई, तू माझ्या ऑफिसात ये कामाला,” लेक म्हणाली.

ह्यांचा धीर मात्र सुटत चालला होता. “राहू दे गं. जुना आहे खेळ, माझ्यासारखाच.”

“बाबा, गप्प बसा जरा. वरच्या कोपऱ्यात एक आकडा दाखवता येतो. आई, मी सांगते तिथे दाब. किती आलाय?”

मी वाचला. ती हसतच सुटली.

“बाबा, हा खेळ सेकंदाला साठ चित्रांच्या हिशेबाने बांधलाय. मशीन काढतंय सात-आठशे. खेळाला वेळेचा मेळच लागत नाहीये, म्हणून तो थांबतो आणि मग उडी मारतो. मशीन कमी नाही पडत, जास्त पडतंय. साठावर अडवून टाका.”

“म्हणजे रिकामा हूक जोरात ओढला की झोके खातो, तसं?” ह्यांचा चेहरा उजळला.

“अगदी तसंच.”

ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये ती मर्यादा घातली. पंख्यांचा आवाज एकदम खाली आला. समुद्र सलग हलायला लागला. आम्ही दोघं बोटं टेबलावर ठेवून बसलो होतो, कुणाचंच वाजलं नाही.

आता मात्र सबब उरली नव्हती. ह्यांनी पेटी उचलली, बोटीवर आणली. टेकवताना ती कलली आणि पाण्यात गेली.

चित्र अडखळलं नव्हतं.

“ही चूक माझी,” हे म्हणाले.

“असेल. इतके दिवस क्रेनवर हात नव्हता. पुन्हा उचला.”

ह्यांनी तळवे पँटला पुसले. या वेळी घाई केली नाही. बोट लाटेबरोबर वर आली, पेटी तिच्याबरोबर वर आली, आणि बोट खाली जायला लागली तशी तिच्यासोबत उतरत पेटी फळीवर बसली. दोरी सैल झाली तरी जागची हलली नाही. मग पुढची बोट, मग वादळातली, मग अंधारातली. लेक तिकडून टाळ्या वाजवत होती आणि मी ह्यांच्या खांद्यावर बुक्के मारत होते. हे मात्र एकच वाक्य बोलले. “सोमवारी डबा लवकर लागेल.”

सोमवारी लॅबला जाताना मी सरळ रस्ता सोडून बांधकामाच्या बाजूने गेले. पत्र्याच्या कुंपणात एक फट होती, तिथे थांबले. क्रेनचा हात आकाशात सावकाश वळला. लोखंडी सळ्यांचा भारा खाली येऊ लागला. खाली, आखलेल्या जागेच्या कडेला, एकजण बुटाची नाडी बांधत होता आणि दोघांचा कशावरून तरी वाद चालला होता. भारा त्यांच्या शेजारी अलगद येऊन टेकला. नाडीवाल्याने गाठ मारली, वाद घालणारे वाद घालत राहिले. एकानेही मान वर करून पाहिलं नाही.