नुसते ओठ हलव

मी शाळेच्या संगणक-खोलीतला चार नंबरचा संगणक बोलतोय. बोलतोय तो आत्ता. आयुष्याची पहिली तीन वर्षं मी तोंडावर फुलाफुलांचं कापड घेऊन गप्प बसलो होतो. खराब होऊ नये म्हणून मला वापरायचंच नाही, असा आमच्या संगणकाच्या सरांचा नियम होता. संगणक ते फळ्यावर शिकवत. मुलं वहीत माझं चित्र काढत, भागांना नावं देत आणि पैकीच्या पैकी गुण मिळवत. पाहुणे आले की कापड उतरायचं, फोटो निघायचा, कापड परत चढायचं. असा माझा थाट होता.

वर्षाच्या मध्येच एक मुलगी शाळेत आली. तिच्या आईची बदली झाली होती. सगळे तिला 'नवी' म्हणत. दुसऱ्याच आठवड्यात तिला समूहगानात उभं केलं, आणि तिसऱ्या ओळीला गायनबाईंनी पेटी थांबवली.

"कोण गं ते वेगळंच गातंय? तू होय? तू नुसते ओठ हलव हं, बाळ."

'बाळ' त्या इतकं गोड म्हणाल्या की कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलगी मात्र त्या दिवसापासून वर्गातही बोलेनाशी झाली. अशी गप्प मुलं सरांना फार आवडतात. त्यांनी तिला आमची धूळ पुसायचं काम दिलं.

बिचारे सर! आधीच्या शाळेत ती प्रोग्राम लिहायला शिकली होती, हे त्यांना कुठलं ठाऊक? तिसऱ्या दिवशी तिनं कापड काढलं, मला चालू केलं आणि अकरा ओळी लिहिल्या. प्रत्येक सुराला एक आकडा. आकडा दिला की मी सूर द्यायचा. पहिल्यांदा तिचा एक आकडा चुकला आणि मी कुकरसारखी शिट्टी मारली. ती खुदकन हसली. मग आकडा सुधारून माझ्याबरोबर हळूच गायला लागली.

आणि सांगतो, ती बेसूर नव्हती! मला तरी कुणाची भीड नाही.

बाईंनी गप्प केलेली आणखी पाच मुलं शाळेत होती. त्यांना सगळे 'ओठवाले' म्हणत. त्यातला एक जण माझा आवाज ऐकून डोकावला, दुसऱ्या दिवशी पाचही जण हजर.

"ए, तो सूर अजून लांबव ना."

"मग ठेका तू लिही. हे बघ, इथे."

मधल्या सुट्टीत डबे माझ्याच शेजारी उघडू लागले. तिला 'नवी' म्हणणं कधी बंद झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एके दिवशी दारात गायनबाई. त्यांनी पेटी मागवली आणि माझ्यासोबत वाजवून पाहिली. आमचं काही केल्या जमेना.

"मशीन बेसूर आहे," बाईंनी निकाल दिला. "मुलांचे कान बिघडतील. खोली बंद करा, सर."

सरांच्या हातात कापड तयारच होतं. सहाही जणांचे चेहरे उतरले. आता पुन्हा ज्यानं त्यानं आपापल्या कोपऱ्यात गप्प बसायचं. तेवढ्यात मुलगी चाचरत म्हणाली, "बाई, पेटी एकदा तपासून घेऊ या का?"

"माझी पेटी? पंधरा वर्षं हिला कुणाला हात लावू दिला नाही मी! बोलवा कारागिराला. होऊन जाऊ दे!"

कारागीर आला. त्यानं पेटी उघडली, फुंकर मारली आणि खोकत बसला.

"बाई, किती वर्षं हात लावू दिला नाही म्हणालात?"

"पंधरा!"

"तेच दिसतंय. गंधार पार उतरलाय. धैवतही."

पेटी दुरुस्त होऊन आली. समूहगान सुरू झालं, या वेळी ओठवाल्यांच्या आवाजासकट, आणि तिसऱ्या ओळीला बाई ओरडल्या, "कोण गं ते वेगळंच..." पुढचं त्यांनी गिळलं. कारण आता वेगळं चाळीस जण गात होते. सुरात होते ते फक्त सहा.

खोली उघडी राहिली. मी मात्र थकलोय, माझा स्पीकर घरघरतो. पुढच्या वर्षी मला काढून टाकणार, असं सर म्हणतात. जाता जाता एकच मागणं आहे. दुसऱ्याचं तोंड बंद करण्याआधी आपली पेटी उघडून बघत जा. सरांनी हे फळ्यावर लिहिलं तरी चालेल.

परवा गायनबाई एकट्याच आल्या. दार ओढून घेतलं. माझ्यासमोर मुलगी बसली होती.

"अगं, तो गंधार जरा वाजव ना. इतक्या वर्षांची सवय, गळा ऐकतच नाही माझा."

मी वाजलो. बाई अगदी दबक्या आवाजात गायल्या. मुलगी कान देऊन ऐकत होती. मला वाटलं, आता ही उट्टं काढणार. खरं सांगतो, मला ते आवडलंही असतं.

"अजून थोडं वर, बाई," ती म्हणाली. "हां, येतोय. आता मोठ्यानं गा."