हॉलंडची जोडी

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी शकुंतलाबाईंचं विष्णुसहस्रनाम तीन ठिकाणी चुकलं. पस्तीस वर्षांचा नेम. झोपेतून उठवून म्हणायला लावलं तरी अडायच्या नाहीत अशा त्या बाई, पण त्या सकाळी जीभ नामं घेत राहिली आणि मन खिडकीजवळच्या टेबलाभोवती घुटमळत राहिलं.

टेबलावर हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर होता. पोळपाटाएवढी लोखंडी पेटी, आणि तिच्या पाठीवर बोटाएवढे काचेचे दोन व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असायचे तसलेच. विश्रामबागच्या कॉलेजात एकतीस वर्षं पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळलेल्या शकुंतलाबाईंनी निवृत्तीनंतर ही पेटी स्वतःच्या हातानं बांधली होती. देवस्थानानं त्यांच्यावर एक काम सोपवलं होतं म्हणून. चाळीस वर्षांपूर्वीच्या कीर्तनांच्या बेचाळीस कॅसेट. कीर्तनकार बुवा गेले, कॅसेटना बुरशी लागायला लागली. त्या संगणकावर उतरवून घ्यायच्या, कान लावून ऐकायच्या आणि बुवांच्या आवाजामागची टेपची सळसळ पुसून काढायची. नवरात्रात घटस्थापनेला ही कीर्तनं गावोगावच्या भक्तांना वाटायची होती.

काम पुण्याचं, पण त्यातून खूळ लागलं ते व्हॉल्व्हचं. व्हॉल्व्ह बदलला की आवाज बदलतो हे एकदा कानाला कळलं, आणि मग हाताला चैन पडेना. त्यांच्याकडे बंगळूरची एक जोडी होती, रशियाची एक, आणि वैशाखात कोरेगावच्या नाथाजींकडून आणलेली हॉलंडची. बुवांच्या अभंगाला बंगळूरची बरी वाटे, निरूपणाला रशियाची. पेटी बंद करायची, काच निवेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, रुमालात धरून अलगद हलवत उपसायची, दुसरीचे नऊ पाय नऊ भोकांशी जुळवून बसवायची आणि तापायला वीस मिनिटं द्यायची. तोवर आधीचा आवाज कसा होता ते विसरायला व्हायचं. म्हणून पुन्हा पहिली घालून बघायची. दिवसातून तीन-तीनदा. नैवेद्याचं ताट वाढतानासुद्धा मनात जोड्यांचाच हिशेब.

आषाढी एकादशीला भजनी मंडळातल्या बायकांनी चातुर्मासाचे नेम धरले. कुणी वांगं सोडलं, कुणी भात, कुणी पलंगावर झोपणं. शकुंतलाबाईंनी देवापुढं हात जोडून मनातल्या मनात सांगितलं, "कार्तिकीपर्यंत व्हॉल्व्ह बदलणार नाही. जी जोडी बसलीय ती बसली."

बसलेली होती हॉलंडची.

"वांगं सोडायचं सोडून हे काय भलतंच?" नेम कळल्यावर त्यांचे यजमान चिंतामणराव म्हणाले होते. एसटीत कंट्रोलर म्हणून अख्खा जन्म गेल्यामुळं त्यांचा आवाज घरातही भोंग्यावर असल्यासारखाच यायचा. "वांगं सोडलं असतंस तर चार महिने मलाही सुट्टी मिळाली असती."

"तुम्ही सोडा की. मी कुठं धरलंय तुम्हाला?"

तशी हॉलंडची जोडी होती गुणाची. एकादशीपासून ती एकटीच वाजायला लागली आणि टेपची सळसळच गेली. पहिल्या बारा कॅसेटना शकुंतलाबाईंनी दोन-दोन दिवस घासाघीस केली होती, पण तेरावीपासून काही करावंच लागलं नाही. बुवांचा आवाज नुसता दुधासारखा. चिंतामणरावांना त्यांनी चारदा सांगितलं असेल, "अहो, इतकी शांत जोडी मी जन्मात ऐकली नाही." तेरा ते एकतीस, एकोणीस कॅसेट त्यांनी ऐकल्या आणि संगणकावरच्या प्रतीसह 'स्वच्छ आहे' अशी चिठ्ठी लावून देवस्थानाकडं पाठवूनही दिल्या.

मग त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, सूनबाईनं हेडफोन कानाला लावला.

ओवी काही मुद्दाम बसली नव्हती. "आई, चहा निवतोय," म्हणून बोलवायला आली, सासूबाई डोळे मिटून बसलेल्या बघून हसली आणि गमतीनं हेडफोन काढून आपल्या डोक्यावर चढवला. दोन क्षणांत तिनं तोंड वाकडं केलं.

"काय हो आई हे! पाठीमागं कुणी तळण तळतंय का?"

"काय?"

"सळसळ हो. बुवा बोलतायत आणि मागं कढईत भजी सोडल्यासारखं. हे साफ करायचं राहिलेलं आहे ना?"

शकुंतलाबाईंनी हेडफोन परत घेतला. बुवा बोलत होते. बुवांच्या मागं काही नव्हतं. अगदी काहीही नव्हतं.

"हो," त्या हळूच म्हणाल्या. "राहिलंय अजून."

नाही म्हणायला हे पहिलंच खोटं. ते तोंडातून गेलं आणि त्या क्षणापासून बाईंना बसवेना. तुळशीला दोनदा पाणी घातलं. दुधाला विरजण लावलं की नाही ते आठवेना. ओवीचे कान तरुण, तिला सवय नाही, तिला सगळंच मोठं ऐकू येत असेल. नाहीतर जोडीच बिघडली असेल. कधी शांत, कधी बोलकी, असं होतं जुन्या काचेचं. नाहीतर...

त्या 'नाहीतर'पाशी मन पोचलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या.

उलगडा करायचा तर अर्ध्या तासाचं काम होतं. बंगळूरच्या जोडीवर चैत्रात सळसळ स्पष्ट ऐकू येत होती. तीच जोडी घालायची आणि तीच कॅसेट लावायची. सळसळ ऐकू आली तर दोष हॉलंडचा. नाही आली तर कानाचा. इतकं सोपं, आणि तेवढंच नेमकं कार्तिकीपर्यंत करायचं नाही, असं देवाला सांगून बसलेल्या. घटस्थापना त्याच्या आधी. कपाट उघडून बंगळूरची डबी हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा खेळ सोमवारी दुपारपर्यंत पाच वेळा झाला.

मंगळवारी सकाळी त्यांनी हॉलंडची जोडी कापसात गुंडाळली, पेटी पिशवीत घातली आणि कोरेगावची पॅसेंजर धरली.

"काढलीस ना पण?" दारात चिंतामणराव म्हणाले. "नेम मोडला."

"तीच काढली, तीच घालणार. दाखवायला नेतेय."

"वकिलीण व्हायला हवं होतंस तू."

नाथाजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान कोरेगावच्या बाजारात, खतांच्या दुकानाला चिकटून. आता रेडिओ कुणी आणत नव्हतं. नाथाजी पंचाहत्तरीचे, दिवसभर मोबाईलची चार्जरं जोडत बसायचे आणि फळीवर व्हॉल्व्हच्या डब्या देवासारख्या मांडून ठेवायचे.

"या ताई. आवं, एवढ्या लांबनं आलासा, फोन तरी करायचा." त्यांनी स्टूल पुसून दिलं. "काय झालं? जोडी रुसली व्हय?"

"बघा बरं. मला शंका येतेय."

नाथाजींनी व्हॉल्व्ह तपासायचं जुनं यंत्र पुढं ओढलं. एक बसवला, तापू दिला. काटा उठला आणि उजवीकडं जाऊन थांबला. दुसराही तसाच.

"ठणठणीत हाय. नव्यावानी. धा वर्सं बघायला नको."

"पण आवाज..." शकुंतलाबाई थांबल्या. "म्हणजे कधी सळसळ येते, कधी येत नाही. असं होतं का?"

"ह्यात न्हाई होत. काटा थरथरला असता." नाथाजींनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुमच्याकडं बंगळूरची हाय की. ती घालून बघितली का न्हाई?"

मग नेमाची गोष्ट सांगावी लागली. नाथाजी हसले नाहीत. उठून फळीवरची एक डबी काढली, फुंकर मारून धूळ उडवली.

"ही बी बंगळूरचीच. तुमी हात लावू नगा. पेटी माझ्याकडं द्या, मी घालतो. तुमी फकस्त ऐका. देवाला सांगितलंय ते तुमच्या हाताचं, माझ्या हाताचं न्हाई."

हेच तर हवं होतं. रात्रंदिवस हेच मनात घोळत होतं, कुणीतरी घालून द्यावी म्हणून. आणि नाथाजींनी पेटीकडं हात केला तशी शकुंतलाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट आवळली.

"नको नको. नेम हाताचा नसतो नाथाजी. कार्तिकीनंतर बघू. देवाला शब्द दिलाय."

बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. तीन दिवस जो नेम काट्यासारखा सलत होता, त्याचाच पदर त्यांनी आता डोक्यावरून घेतला होता.

नाथाजींनी डबी फळीवर परत ठेवली. मग खाली बसले. उजव्या कानातून बोटाच्या पेराएवढं यंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे कवा घातलं म्हाईत हाय? लय उशिरा. सा-सात वर्सं मी गिऱ्हाइकाला सांगत हुतो, तुमच्या सेटचा आवाज बसलाय, स्पीकर बदला. चांगले स्पीकर बदलले मी लोकांचे. एक दिस नातीनं विचारलं, आज्या, एवढ्या मोठ्यानं का लावतोस?" त्यांनी यंत्र पुन्हा कानात बसवलं. "तवापास्नं काट्यावर भरोसा. ताई, राग मानू नगा. व्हॉल्व्ह बदलायचा न्हाई असा नेम हाय. कान तपासायचा न्हाई, असा तर न्हाई ना?"

शकुंतलाबाईंनी हॉलंडची जोडी पुन्हा कापसात गुंडाळली. बाहेर कुणीतरी खताच्या गोण्या उतरवत होतं. त्यांनी पेटी उचलली, नमस्कार केला आणि परतीच्या गाडीला अजून दोन तास असताना स्टेशनवर जाऊन बसल्या. तिथंही बसवेना. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या.

चालताचालता एकोणीस कॅसेट डोळ्यांपुढं आल्या. एकोणीस चिठ्ठ्या, स्वतःच्या अक्षरातल्या. 'स्वच्छ आहे.' त्या कढईतल्या भज्यांसकट बुवा घरोघरी जाणार होते, आणि लोक म्हणणार होते, काय हा आवाज.

फलाटावरच्या बाकावर टेकून त्यांनी देवस्थानाच्या कार्यवाहांना फोन लावला.

"केरूभाऊ, तेरापासूनच्या कॅसेट वाटू नका. त्या साफ झालेल्या नाहीत."

"अहो ताई, आम्ही ऐकल्या की ऑफिसात मोबाईलवर! झकास आहेत. बुवा समोर बसल्यासारखे."

"मोबाईलवर नाही कळायचं. माझं चुकलंय."

"तुमचं? तुमच्यासारखा कान सांगली जिल्ह्यात नाही ताई, म्हणून तर तुम्हाला दिलं काम."

शकुंतलाबाई थांबल्या नाहीत. "म्हणूनच सांगतेय. परत पाठवा. माझी सून ऐकेल, मी शेजारी बसून काम करीन. घटस्थापनेला जमतील तेवढ्या जमतील."

मग केरूभाऊ म्हणाले, "बरं. उद्या पाठवतो."

शुक्रवारी ओवी त्यांना सांगलीत कानाच्या तपासणीला घेऊन गेली. काचेची बंद खोली, खुर्ची, आणि पुन्हा कानांवर हेडफोन. पण हा कुठल्या व्हॉल्व्हचा नव्हता. काचेपलीकडच्या मुलीनं हातात एक बटण दिलं.

"काकू, अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. घाई नाही."

पहिले आवाज जाड होते, घागरीत फुंकल्यासारखे. शकुंतलाबाई पटापट दाबत गेल्या. मग आवाज बारीक होत चालले, आणि त्यांच्या लक्षात आलं की मुलीची एक लय आहे. ती मान हलवते, खुंटी फिरवते, आणि दोन श्वासांनी आवाज येतो. जन्मभर यंत्रांजवळ बसलेल्या बाईला ती लय ओळखायला वेळ लागला नाही. मुलीकडं बघूनसुद्धा दाबता आलं असतं. सगळे बरोबर आले असते.

मुलीनं खुंटी फिरवली. एक श्वास. दोन. आता वाजला असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंगठा बटणावर टेकलेला होता, आणि त्याला राहवत नव्हतं.

शकुंतलाबाईंनी डोळे मिटले, मुलगी दिसू नये म्हणून. कानात काहीही नव्हतं. त्यांनी अंगठा बटणावरून उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. काचेपलीकडं मुलीनं कागदावर एक खूण केली आणि पुढचा आवाज लावला.