कशेळीची भरती

माझी पोरगी क्षितिजा दिल्लीत थिंक टँकमध्ये कामाला आहे. परराष्ट्र धोरण, सागरी सुरक्षा असल्या विषयांवर ही माणसं बसून विचार करतात, अहवाल लिहितात, आणि तो वाचून सरकार काय ते ठरवतं. कशेळीत आम्ही जन्मभर फुकट विचार केला, आम्हाला कोणी विचारलं नाही.

दिवाळीत ती आली तेव्हा तिने खाडीवर माझी मुलाखत रेकॉर्ड केली. मीही ऐटीत सांगितलं, "भरती दिवसातनं दोनदा. अवसेला, पुनवेला जोरात. होड्या तवाच निघतात. तिला कोन अडवनार हाय?"

परवा सकाळी तिने अहवालातलं माझं पान पाठवलं. तिच्या नावाचा हा पहिलाच अहवाल, सोमवारी परराष्ट्र खात्यात जायचा होता. पान इंग्रजी, म्हणून मोबाइलकडून मराठी करून घेतलं. वाचलं आणि चहा नाकात गेला. 'स्थानिक रहिवासी बाळाराम यांच्या मते कशेळीत दिवसातून दोनदा माणसांची भरती होते. अमावास्येला तिचा जोर वाढतो. भरती झालेले लोक होड्यांतून रवाना होतात.'

लगेच फोन लावला. "अगं बाय, मी खाडीच्या पान्याचं बोललो. तुम्ही तर फौज उभी केलीत."

तिने पान पुन्हा उघडून वाचलं. मग म्हणाली, "बाबा, रेकॉर्डिंग ऑफिसातल्या विशालने उतरवलं. तो लखनौचा. त्याच्या हिंदीत भरती म्हणजे माणसांचीच. मी तपासायला हवं होतं." आवाज पडला होता. "साहेबांना हेच पान सगळ्यात आवडलंय. अख्खा अहवाल त्याच्यावर उभा आहे. काढायला लावलं तर माझं नाव जाईल."

खरं सांगतो, मला वाटलं, जाऊ दे. पोरीचं पहिलंच नाव, आणि खाडी थोडीच तक्रार करायला जाणार. तसं बोलूनही गेलो, "राहू दे गो." तिची आई कमळ शेजारीच होती, ती डाफरली, "उंद्या हवालदार दारात आला म्हंजे त्याला ओहोटी दाखवनार काय?"

संध्याकाळी क्षितिजाचा फोन आला. पान काढलं, अहवाल लांबला, आणि तिचं नाव गेलं.

"साहेब काय म्हनले?"

"म्हणाले, एका शब्दापायी अहवालाचा जीव काढलास."

"मंग तू?"

"मी म्हटलं, सर, त्या पानावर माझं गाव होतं."

सकाळी 'राहू दे' म्हणालो होतो त्याची मला इतकी लाज वाटली, की फोन कमळच्या हातात दिला.