पत्र्यातलं नाव

कारखान्याच्या फरशीवरचा पिवळा पट्टा चार इंच रुंद. कमी नाही, जास्त नाही.

बुधवारी कॅन्टीनला शिरा.

आईला स्टोव्हची एक ज्योत दोन दिसते.

श्रावणात मनोरीला बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. गेल्या सालचं नाव आधी खरवडायचं, मगच नवं.

कंपनीची बस कांदिवलीहून सकाळी सहा दहाला सुटते. कुणासाठी थांबत नाही.

‘स’ काढताना श्वास रोखायचा.

हे सगळं एकाच माणसाचं आहे. लवू परब, वय बत्तीस. मुलुंडच्या एका मोठ्या कंपनीत मेंटेनन्सचा पेंटर. साल १९८६.

•

कंपनीच्या आधी लवू पाट्या रंगवायचा. पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, दाताचा डॉक्टर. आठवडाभर काम, मग पंधरा दिवस नाही. एक काम मात्र तो पैसे न घेता करायचा. नारळी पौर्णिमेच्या आधी मनोरीला जाऊन खंडू कोळ्याच्या बोटीवर नाव काढायचं. ‘सुंदराबाई’. खंडूची आई. ती वारली त्या साली पहिल्यांदा काढलं, आणि मग दर साल.

दर साल ‘स’ थोडा वेगळा यायचा. एकदा वाऱ्यावरच्या पदरासारखा, एकदा गळासारखा. खंडू वाळूत वीस पावलं मागे जायचा, बघायचा.

“यंदा हसतेय रे.”

किंवा, “यंदा रागावलीय. काय केलंस?”

•

कंपनीत अक्षर काढत नाहीत. जस्ताच्या पत्र्यात अक्षरं कापलेली असतात. पत्रा मशिनवर धरायचा, वरून ब्रश मारायचा, उचलायचा. पहिल्या आठवड्यात लवूनं आग विझवायच्या बादल्यांवर हातानं अक्षरं काढली होती. सुपरवायझर दातारसाहेब कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

“लवू, ही बादली आहे की लग्नपत्रिका?”

सगळ्या पुन्हा रंगवल्या. अकरा बादल्या.

•

सुट्टीचा अर्ज

नाव: लवू गुणाजी परब
तिकीट नंबर: २२१७
दिवस: एक
कारण: बोटीवर नाव काढणे

“कारण असं लिहितात?” दातारसाहेब म्हणाले. “ताप लिही, मेव्हण्याचं लग्न लिही. बोट काय?”

“खरं तेच लिहिलं साहेब.”

“परदेशातून माणसं येतायत पाहणीला. पौर्णिमेपर्यंत रविवारीसुद्धा सगळे कामावर. आणि तुझं प्रोबेशन संपतंय एकतीस तारखेला. मी शेरा काय मारू? काम उत्तम, पण मधूनच समुद्रावर जातो?”

माणूस वाईट नव्हता. त्यांनीच लवूला सांगितलं होतं, एकदा कायम झालास की आईवडिलांचा दवाखाना कंपनीचा. आईचे मोतीबिंदू पिकले होते.

घरी वडील म्हणाले, “कापडाची गिरण बंद पडली तेव्हा आमका कोण इचारूक इलो? तुका कंपनी मेळली हा. नाव नसलां म्हणान बोट बुडणा नाय.”

आई स्टोव्हपाशी होती. “खंडू वाट बघीत आसतलो,” ती म्हणाली. कुणाकडे न बघता, म्हणजे तिला कुणी नीट दिसत नव्हतंच.

•

युक्ती चंद्रप्रकाशची. तो लवूच्याच बाकावर पाइप रंगवायचा.

“तोंड पाडून काय बसलास यार? पत्रा काप. नाव इथेच काप आणि पाठवून दे. तिकडे कोणीपण ब्रश मारेल.”

लवू हसला. मग जेवणाच्या सुट्टीत त्यानं पत्रा कापला.

पत्र्यात अक्षर सलग कापता येत नाही. मधला तुकडा गळून पडू नये म्हणून जागोजागी जोड सोडावा लागतो. छापून आलं की अक्षराला तिथे फट पडते. ‘स’चा पदर करून बघितला, पत्रा वाकला. मग ‘स’ सरळ केला. बादलीवर असतो तसा.

बायकोनं, शेवंतीनं, तो जुन्या लुगड्यात गुंडाळून मार्व्याच्या होडीतून पलीकडे पोचवला. परत आली तेव्हा लवूनं विचारलं, “काय म्हणाला?”

“चहा दिला. लवू का नाही आला म्हणाला.”

•

एकतीस तारखेला कायम झाल्याचं पत्र मिळालं. वडिलांनी ते देवापुढे ठेवलं. सप्टेंबरात आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, कंपनीच्या चिठ्ठीवर. जाड भिंगाचा चष्मा आल्यावर तिनं आधी स्टोव्ह पेटवला.

“एकच हा,” ती म्हणाली.

•

ऑक्टोबरातल्या एका रविवारी लवू मनोरीला गेला. पिशवीत सहा नंबरचा ब्रश होता. असाच टाकलेला.

बोट किनाऱ्याला लागलेली. ‘सुंदराबाई’. सगळी अक्षरं एका उंचीची, सगळ्यांना फटी.

“झकास!” खंडूनं त्याच्या पाठीत धपका मारला. “दहा मिनटांत काम! मीच मारला ब्रश, बोल! आता तू सुट्ट्या टाकायच्या नाहीत, साहेबाच्या शिव्या खायच्या नाहीत. पत्रा मी देव्हाऱ्यामागं ठेवलाय. दर साल हाच.”

लवू वाळूत वीस पावलं मागे गेला. तिथून त्यानं खंडूला विचारलं,

“कशी दिसते रे?”

“कोण?”

“आई.”

खंडूनं डोळे बारीक करून बोटीकडे पाहिलं. खरंच नीट पाहिलं.

“साफ दिसतंय की,” तो म्हणाला. “नाव एकदम साफ.”

मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. आणखी पाच बोटवाल्यांनी आपापली नावं लिहून दिली होती. “पत्रे कापून देशील ना? तुला काय, कंपनीत पत्रा पडलेलाच असतो.”

लवूनं कागद घेतला. पिशवीत, ब्रशच्या बाजूला ठेवला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पहिला पत्रा कापायला घेतला. तासाभरात दोन झाले.

१९७९ साली, पहिल्यांदा, सुंदराबाईचं नाव काढायला त्याला पाच तास लागले होते, आणि पाचही तास खंडू त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता.