परदेशातून स्वस्तात आलेली बत्ती

जुनी म्हणून मला हिणवू नका, मित्रांनो. मी गाडीच्या तोंडावर बसणारी बत्ती आहे आणि माझ्या काचेवर अजून एक चरा नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही बहिणी दोन रांगांत घडत होतो. रूप एक, बांधा एक. फक्त काचेवरच्या बारीक रेघा एका रांगेत डावीकडे कललेल्या, दुसऱ्या रांगेत उजवीकडे. असं का, याचं मला फार कुतूहल होतं. पण बत्तीला कोण समजावून सांगतंय? खोक्यात घातली आणि तिथल्याच एका डीलरच्या फळीवर नेऊन ठेवली.

इकडे एका बेकरीच्या गाडीची उजवी बत्ती पावाच्या ट्रॉलीने फुटली. बेकरी सासूबाईंची, गाडी चालवायची सून. पहाटे इस्पितळात पाव पोचवणं हे त्यांचं सगळ्यांत मोठं काम. गाडीची तपासणी जवळ आली होती. तिचा कागद मिळाला नाही, तर इस्पितळाचं काम पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीला जाणार होतं. तो बेकरीवाला टपूनच बसला होता.

सासूबाई इथल्या डीलरकडे गेल्या आणि भाव ऐकून आल्या पावली परतल्या.

"एवढ्यात मी भट्टीला नवं दार बसवीन," त्या म्हणाल्या. "काचेचा तुकडा तो, आणि तोरा बघा त्याचा."

धाकटा मुलगा परदेशात नोकरीला होता. त्याने तिथल्या डीलरकडे चौकशी केली आणि फोन केला.

"आई, इथे निम्म्याहून कमीत मिळते."

"मग घेऊन ये. येतोच आहेस सुट्टीला. दरवेळी चॉकलेटं आणतोस, एकदा कामाचं काहीतरी आण."

सुनेने पाव गुंडाळायच्या कागदावर बत्तीच्या जागेचं माप गिरवलं आणि त्याचा फोटो दिराला पाठवला. त्याने रुंदी जुळवली, स्क्रूची भोकं जुळवली, काच वाजवून पाहिली. मग स्वेटरात गुंडाळून मला घरी आणलं.

मेस्त्रीने मला जागेवर बसवलं. "झकास बसली," तो म्हणाला.

"बसणारच. माझ्या लेकाने आणलीय."

त्या शब्दांनी मीही फुगले, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या पहाटे आम्ही निघालो, तर समोरून येणारी प्रत्येक गाडी आमच्याकडे बघून बत्ती मिचकावू लागली.

परत आल्यावर सून म्हणाली, "आई, ओळख ना पाळख, सगळे खुणा करतात हो."

"नवी वस्तू दिसली की लोक बघतातच. तू बघू नकोस."

तपासणीच्या दिवशी घरचे सगळे आणि मेस्त्रीही आले होते, तिथे उलगडा झाला. तपासनीसाने समोर पांढरी पाटी धरली आणि आमचा उजेड तिच्यावर पाडला. डाव्या बत्तीचा उजेड रस्त्याच्या कडेला कललेला, माझा नेमका उलट दिशेला.

"इथे आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो," तो म्हणाला. "ही उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशातली बत्ती. समोरच्याच्या डोळ्यांत जाते. बदला, मग कागद देतो."

त्या दोन रांगांचं कोडं मला तेव्हा सुटलं. सासूबाईंनी धाकट्याकडे मान वळवली.

"तू तिथे रोज गाडी चालवतोस ना?"

"हो. उजव्या बाजूने."

"आणि डोकं कुठल्या बाजूला ठेवतोस?"

धाकटा फोनमधला मापाचा फोटो पुन्हा बघू लागला. मेस्त्रीही पान्हे पुसत बसला. सासूबाई मला हातात धरून इथल्या डीलरकडे गेल्या.

"ही तिथे निम्म्यात मिळते. तुझ्या बत्तीत काय सोन्याची तार आहे?"

"काकू, तिथे या गाड्या गल्लोगल्ली आहेत. फळीवर ठेवली की खपली. इथे तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षातून एखादं. माल जहाजाने येतो, त्यावर कर भरतो, मग तो माझ्याकडे धूळ खात पडतो. पण नाही बसली तर मी परत घेतो. तिथला घेईल?"

"आणि तुझा नफा?"

"तोही आहे. नाही कसं म्हणू?"

"खरं बोललास, बरं केलंस. आता त्यातला थोडा सोड."

त्याने थोडा सोडला. नवी बत्ती बसली, कागद मिळाला, इस्पितळाचं काम राहिलं. मला परत पाठवायला माझ्या किमतीहून जास्त खर्च येणार होता. मेस्त्री म्हणाला, "भंगारात टाकू?"

"भंगारात कशाला? तिचा काय दोष?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मला बेकरीच्या मागच्या दारावर, जिथे पावाचे क्रेट गाडीत चढवतात तिथे, जुन्या बॅटरीवर लावलं. त्या दाराशी समोरून कुणी येत नाही. माझा उजेड सगळ्यांना चालतो.

मित्रांनो, भाव जरूर विचारा. इथेही विचारा, तिथेही विचारा, लाजू नका. पण वस्तू कुठल्या रस्त्यासाठी घडली आहे, तेही विचारत जा. आणि चुकीची वस्तू घरी आलीच, तर तिला उकिरडा दाखवण्याआधी तिच्याजोगं काम शोधा. मला माझं मिळालं आहे. फक्त भट्टीजवळ पीठ फार उडतं आणि काच आंधळी होते. जाता-येता कोरडं फडकं तेवढं फिरवा. ओलं नको, पिठाचा चिकटा होतो.